झेंड्याकडे बघू नका!

गोल्फ खेळणाऱ्याला ग्रीनवर सगळ्यात आधी काय दिसतं? झेंडा. आणि माझ्या मते निम्मी गडबड तिथेच होते.

पार्कलँड कोर्सवर तर जास्तच. पार्कलँड म्हणजे समुद्रापासून आत, बागेसारखा राखलेला कोर्स. झाडं, तळी, ओढे, मऊ हिरवळ. सेंट अँड्र्यूजसारख्या समुद्राकाठच्या कोर्सवर बॉल जमिनीवरून घरंगळत ग्रीनपर्यंत नेता येतो. इथे मध्ये पाणी आलं की तो रस्ता बंद. बॉल हवेतूनच न्यायचा. त्यामुळे तो नेमका कुठे उतरवायचा, हाच खरा निर्णय.

ऑगस्टा नॅशनलचं बारावं होल घ्या. पूर्वी तिथे झाडांची नर्सरी होती, म्हणून प्रत्येक होलला झाडाझुडपाचं नाव. बारावं कोर्सवरचं सगळ्यात छोटं, १५५ यार्डांचं. अपेक्षित फटके ३. समोर रेज क्रीक नावाचा ओढा, ओढ्यापलीकडे एक बंकर, ग्रीनमागे आणखी दोन. ग्रीन उथळ आणि तिरकं : डावी बाजू जवळ, उजवी लांब. आणि मास्टर्सच्या शेवटच्या रविवारी झेंडा ठरल्याप्रमाणे उजवीकडे!

आता गंमत बघा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फटका चुकून उजवीकडे गेला, की तो बहुधा आखूड पडतो. डावीकडे गेला, की लांब जातो. ग्रीनचा तिरकेपणा नेमका याच्या उलट आहे. म्हणजे झेंड्यावर नेम धरला आणि थोडंसं उजवीकडे चुकलं, की बॉल पाण्यात. सहा वेळा मास्टर्स जिंकलेला जॅक निकलॉस म्हणूनच सांगत आलाय, की झेंडा कुठेही असू दे, समोरच्या बंकरवरून मारा.

२०१६ साली जॉर्डन स्पीथ शेवटचे नऊ होल उरले असताना पाच फटक्यांनी पुढे होता. बाराव्यावर त्याचा बॉल उजवीकडे गेला, काठावर आपटून ओढ्यात. पुढचा फटकाही पाण्यात. तीनच्या जागी सात! स्पर्धा डॅनी विलेटने जिंकली. २०१९ साली आघाडीवरचा मोलिनारी तिथेच पाण्यात गेला, त्याच्याबरोबर खेळणारा फिनाऊही. त्याच गटातल्या टायगर वुड्सने झेंड्याकडे ढुंकूनही न बघता डावीकडे, बंकरवरून मारलं. होलपासून बराच लांब. दोन पट, तीन फटके, पुढे चला. टाळ्या वाजवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. आणि तो एका फटक्याने जिंकला, वयाच्या ४३व्या वर्षी.

आमच्या धंद्यात काम किती दिवसांत होईल असं विचारलं, की आपण सगळं सुरळीत झालं तर किती लागतील ते सांगतो. गोल्फरही तेच करतो. वीसातला जो एक फटका झकास बसतो तोच आपला 'नेहमीचा' धरून नेम लावतो. खरं तर ड्रायव्हिंग रेंजवर एका आयर्नने वीस बॉल मारावेत आणि सगळे कुठे पडले ते प्रामाणिकपणे बघावं. तो पसारा म्हणजे तुम्ही! नेम असा धरायचा, की अख्खा पसारा कोरड्या जमिनीवर पडेल.

याचा अर्थ कायम भीत भीत खेळा असा नाही. २००७ साली झॅक जॉन्सनने चारही दिवस एकाही पार ५ होलवर दुसऱ्या फटक्यात ग्रीन गाठायचा प्रयत्न केला नाही, आणि त्या १६ वेळांत ११ फटके कमावून मास्टर्स जिंकली. पण त्याचा फटका लांब जात नव्हता, म्हणून त्याच्यासाठी ते बरोबर. ज्याला सहज पोचता येतं त्याने मारावंच. आपला पसारा ओळखणं, इतकंच.

हमी मात्र कशाचीच नाही. २०२०च्या शेवटच्या दिवशी याच टायगरने याच होलवर तीन बॉल पाण्यात घालून १० फटके घेतले. मग उरलेल्या सहापैकी पाच होलवर बर्डी! निर्णय बरोबर असूनही निकाल वाईट लागू शकतो, आणि चुकीचा निर्णयही कधी कधी खपून जातो. १९९२ साली फ्रेड कपल्सचा बॉल तिथल्याच उतारावर पाण्याच्या वर कसाबसा अडकला, आणि तो जिंकला. घात इथेच होतो. एकदा खपून गेलं, की ते आपल्याला कौशल्य वाटायला लागतं.

मलाही वाटलं होतं. तळ्याच्या काठच्या झेंड्याशेजारी एकदा बॉल थांबला, सोबत्यांनी पाठ थोपटली, आणि त्या एका थापेपायी मी पुढची दोन वर्षं तळ्याला बॉल पुरवत राहिलो. हल्ली ग्रीनच्या मधोमध मारतो. 'घाबरलास काय रे?' असं कोणीतरी म्हणतंच. म्हणू दे. घरी जाताना बॉल माझ्या बॅगेत असतो.