रुळांकाठच्या माणसाचा वाली कोण?

रेल्वे अपघातात प्रवासी दगावला, तर त्याच्या वारसांना रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाने तसे संरक्षण दिले असून भरपाईची रक्कम २०१७ पासून आठ लाख रुपये आहे. परंतु फाटक ओलांडणारा शेतकरी किंवा रुळांकाठच्या झोपडीत राहणारा मजूर या संरक्षणाबाहेरच राहतो. त्याच्या कुटुंबाला रेल्वेचा निष्काळजीपणा पुराव्यानिशी सिद्ध करावा लागतो. आणि तो पुरावा असतो रेल्वेच्याच दप्तरात! उलट, कलम १४७ अन्वये विनापरवाना रुळांवर येणारा सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेस पात्र ठरतो.

न्यायालयांनी या बाबतीत काहीच केले नाही, असे नव्हे. केरळमध्ये १९७९ साली पहारेकरी नसलेल्या फाटकावर रेल्वेगाडीने एका बसला धडक दिली. कायद्यात स्पष्ट आदेश नसला, तरी फाटकावर योग्य ती दक्षता घेण्याचे रेल्वेचे कर्तव्य संपत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला. मात्र तो १९९७ साली. अठरा वर्षे वाट पाहण्याची ताकद किती गरिबांत असते?

दरवर्षी रूळ ओलांडताना सुमारे १५,००० माणसे मृत्युमुखी पडतात व त्यांतील सुमारे ६,००० एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर, असे डॉ. अनिल काकोडकर समितीने २०१२ साली नमूद केले होते. इतकी माणसे केवळ बेफिकिरीने मरतात, असे कोण म्हणेल? जेथे पादचारी पूल नाही, तेथे रूळ हाच रस्ता होतो. पूल न बांधल्याने रेल्वेचा जो खर्च वाचतो, तो वस्तुतः नाहीसा होत नाही; मजुराचे कुटुंब तो कर्त्या माणसाच्या प्राणांनी चुकता करते.

८ मे २०२० रोजी मराठवाड्यात करमाडजवळ मालगाडीखाली सोळा स्थलांतरित मजूर चिरडले गेले. टाळेबंदीत गाड्या बंद होत्या, म्हणून ते पायी गावाकडे निघाले होते. गाडीच्या चालकाला दोष देणे अन्यायाचे ठरेल. सरकारांनी त्यांच्या कुटुंबांना मदत जाहीर केली. पण अनुग्रह म्हणजे हक्क नव्हे.

यावर उपाय एकच: दोष सिद्ध न करता भरपाई देण्याचे तत्त्व रुळांकाठच्या माणसालाही लागू करावे. आत्महत्या वगळावी, उघड बेदरकारपणा असेल तेथे रक्कम कमी करावी. परंतु सिद्धतेचा भार रेल्वेवर असावा. मृत्यूची किंमत रेल्वेच्या हिशेबात चढू लागली, की पूल बांधणे तिला स्वस्त वाटू लागेल. माणसाच्या जिवाचे मोल खिशातल्या तिकिटावरून ठरविणे समाजवादी म्हणविणाऱ्या प्रजासत्ताकाला शोभत नाही.