अंगणातला दिवा आणि शेजाऱ्याची रात्र

घर बांधून झाले, रंगरंगोटी आटोपली, फाटक बसले, बागेत चार रोपे लागली, की अलीकडे घरमालकाच्या मनास एकच विवंचना लागते : रात्री हे सारे लोकांना दिसणार कसे? मग तो दिव्यांच्या दुकानात जातो. भिंतीवर वर-खाली झोत टाकणारे दिवे, फाटकाच्या खांबांवर पांढरे गोळे, झाडांच्या बुंध्याशी आकाशाकडे तोंड केलेले दिवे आणि, सर्वांवर ताण म्हणून, गच्चीच्या कोपऱ्यास एक फ्लडलाइट, एवढा सरंजाम घेऊन तो परततो. दिवा किती उजेड देतो हे तो आवर्जून विचारतो. तो उजेड जातो कोठे, हे मात्र विचारीत नाही. अंगणातल्या दिव्याविषयी विचारण्याजोगा पहिला प्रश्न हाच आहे असे आमचे मत आहे. आणि तो न विचारल्यामुळे जो अविचार गावोगाव माजला आहे त्याविरुद्ध आम्हांस येथे चार स्पष्ट शब्द बोलावयाचे आहेत.

त्यासाठी आम्ही बुऱ्हाणपूरचा दाखला घेतो. तापीकाठचे हे शहर आज मध्य प्रदेशात असले, तरी एके काळी ते खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी होते. जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुका त्याच्या शेजारी आहे आणि मराठी तेथे परकी नाही. बागेचा शौकही या शहरास जुना. रेल्वे स्टेशनाच्या परिसराचे नावच लालबाग. तापीपलीकडे झैनाबादेत आहुखाना ही शाही बाग होती. १६३१ साली मुमताज महल बुऱ्हाणपुरात निवर्तली, तेव्हा आग्र्यास नेईपर्यंत तिचे शव तेथेच ठेवले होते. परंतु आमच्या विषयास खरा उपयोगी पडतो तो येथील कुंडी भंडारा.

लालबागेजवळचे हे जलकाम १६१५ च्या सुमारास अब्दुल रहीम खानखानान याच्या अमदानीत सिद्ध झाले. सातपुड्याच्या उतारावरून जमिनीत मुरलेले पाणी तेथे एका भूमिगत बोगद्यात झिरपते. बोगद्यावर ठरावीक अंतराने विहिरीसारखी तोंडे आहेत. त्यांनाच कुंड्या म्हणतात, आणि त्यांची संख्या शंभराच्या आसपास भरते. कोणत्याही यंत्रावाचून, केवळ उताराच्या बळावर, हे पाणी शहराच्या दिशेने वाहत येई. ते भूमीच्या पोटातून येत असल्यामुळे उन्हाने उडून जात नसे आणि वाटेत सांडतही नसे. ज्यांनी हे काम केले त्यांच्यापाशी पाणी मुबलक नव्हते. म्हणून त्यांनी त्याची वाट आधी आखली आणि मगच ते शहरास दिले. आज आपणांस उजेड मुबलक झाला, आणि त्याची वाट आखण्याची बुद्धी मात्र आपणांस राहिली नाही. ज्या दिव्यावर झाकण नाही तो दिवा म्हणजे तोटी नसलेला नळ होय. त्यातून वाहणारे वाया तर जातेच; शिवाय ते दुसऱ्याच्या दारात जाऊन साचते.

ते कोणाच्या दारात साचते हेही पाहावयास हवे. बुऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे शहर, आणि उन्हाळ्यात तेथे पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो. दिवसभर मागांच्या खडखडाटात उभ्या राहिलेल्या माणसास रात्री पत्र्याखालच्या खोलीत झोप लागणे कठीण. तो गच्चीवर, ओट्यावर, अंगणात पथारी टाकतो. त्याच्या डोळ्यांवर शेजारच्या नव्या बंगल्याचा फ्लडलाइट पहाटेपर्यंत जळत असतो. दिव्याचा मालक वातानुकूलित खोलीत पडदे ओढून स्वस्थ निजलेला असतो. शरीरात झोपेचे वेळापत्रक सांभाळणारे मेलॅटोनिन हे द्रव्य अंधारात स्रवते आणि निळसर पांढरा उजेड ते विशेषेकरून रोखतो, हे आज शास्त्रास पक्के ठाऊक आहे. शेजाऱ्याने भिंत वीतभर पुढे सरकवली तर आपण पटवाऱ्याकडे धाव घेतो. पण त्याचा उजेड थेट आपल्या अंथरुणात शिरला तर तो त्याच्या ऐपतीचा भाग समजून गप्प बसतो. आम्ही यास अतिक्रमणच म्हणतो. जो उजेड कुंपण ओलांडतो त्यावर मालकाचा हक्क कुंपणापाशीच संपतो.

हा अविचार येथवर कसा आला, हे समजून घेतले पाहिजे. निळा प्रकाश देणारा डायोड सिद्ध केल्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांस २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ते सर्वथा योग्य होते. आपल्याकडे जानेवारी २०१५ मध्ये 'उजाला' योजना सुरू झाली आणि तिच्याद्वारे ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे घरोघर गेले. गरिबाचे वीजबिल त्यामुळे हलके झाले. याबद्दल आमची तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच दाखवून दिले होते, की यंत्र कोळसा कमी खाऊ लागले म्हणजे देशाचा कोळसा वाचतोच असे नाही. स्वस्ताई झाल्याने तो अधिकच जळतो. दिव्याचे नेमके हेच झाले. जेथे ६० वॅटचा एक बल्ब पुरत होता तेथे आता ५० वॅटचा एलईडी फ्लडलाइट येतो. वॅटचा आकडा लहान, म्हणून घरमालक स्वतःस काटकसरी समजतो. वस्तुतः तो जुना बल्ब सुमारे ७०० ते ८०० लुमेन उजेड देई, आणि हा नवा फ्लडलाइट ५,००० च्या घरात देतो. म्हणजे फाटकावर सहा-सात बल्ब एकदम लावल्यासारखे झाले. पौर्णिमेचे लख्ख चांदणे, ज्यात आपले पूर्वज बैलगाडी हाकीत आणि खळ्यावर रास मळीत, ते एका लक्सच्या तिसऱ्या हिश्शाइतकेही भरत नाही, हे येथे ध्यानात ठेवावे.

या उधळपट्टीची किंमत आकाश देत आहे. जगभरच्या हजारो हौशी निरीक्षकांनी २०११ ते २०२२ या काळात केलेल्या नोंदींवरून, रात्रीचे आकाश वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत असल्याचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्याचा अर्थ असा, की जेथे मूल जन्मते त्या दिवशी २५० तारे दिसत असतील, तेथे ते अठरा वर्षांचे होईपर्यंत १०० च उरतील. २०१६ च्या एका जागतिक नकाशानुसार मानवजातीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक लोकांना घरून आकाशगंगा दिसतच नाही. मृग, रोहिणी, चित्रा, स्वाती ही नावे आपण पंचांगात वाचतो आणि मुलामुलींना ठेवतो. ती ज्यांची नावे आहेत ते तारे मुलांना दाखवावयाचे म्हटले, तर विदर्भातल्या पेंच व्याघ्रप्रकल्पापर्यंत जावे अशी वेळ येत आहे. त्या अरण्यास २०२४ साली देशातले पहिले अंधार-आकाश उद्यान म्हणून मान्यता मिळाली. आम्हांस त्याचा आनंद आहे. परंतु काळोख पाहावयास तिकीट काढून जावे लागावे, हे काही भूषण नव्हे.

बागेची किंमत तर त्याहून जवळची आहे. ज्याने हौसेने रातराणी आणि पारिजातक लावला, त्यानेच त्यांच्या बुंध्याशी झोत ठेवावा, याइतका विसंगत शौक दुसरा नाही. ही फुले रात्री उमलतात ती पतंगांसाठी. स्वित्झर्लंडमधील एका अभ्यासात दिवे लावलेल्या कुरणांत रात्रीच्या परागवाहक कीटकांच्या फेऱ्या ६२ टक्क्यांनी घटल्या आणि एका रानवनस्पतीची फळधारणाही १३ टक्क्यांनी उतरली, असे २०१७ साली दिसून आले. पतंग दिव्यावर भाळतो, हे कवींनी आपणांस शिकविले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्याचा उलगडा निराळाच केला. उडणारा कीटक उजळ आकाश म्हणजे वरची बाजू असे समजून आपली पाठ तिकडे ठेवतो; दिवा भेटला की तो पाठ दिव्याकडे वळवितो, आणि त्यातून सुटता न येऊन घिरट्या घालीत थकून पडतो. तो प्रेमाने जळत नाही. आपण त्याची वाट चुकविलेली असते.

कोकण-गोव्याच्या वाचकांस याचे सर्वांत दुःखद उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आढळेल. मोरजी, आगोंद, गालजीबाग येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पिल्ले वाळूतून वर येतात ती रात्री, आणि जिकडे क्षितिज उजळ तिकडे समुद्र, एवढेच ज्ञान घेऊन येतात. किनाऱ्यावरच्या एखाद्या घराचा वा उपाहारगृहाचा दिवा त्यांस समुद्राच्या उलट दिशेस नेऊ शकतो. दिवा लावणाऱ्याच्या मनात पाप नसते, हे खरे. पण त्याने त्या पिलाचा जीव वाचत नाही.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. पहिला आक्षेप चोरांचा. उजेड असला म्हणजे चोर येत नाही, अशी सर्वांची समजूत आहे, आणि ती अगदीच निराधार नाही. २०१६ साली न्यूयॉर्कच्या काही वस्त्यांत तात्पुरते दीपमनोरे उभारले, तेव्हा रात्री बाहेर घडणारे गंभीर गुन्हे घटले. उलट, इंग्लंड आणि वेल्समधील ६२ स्थानिक संस्थांच्या क्षेत्रांत रस्त्यावरचे दिवे मंद वा बंद केल्याने गुन्हे किंवा अपघात वाढल्याचे आढळले नाही, असे २०१५ च्या अभ्यासात दिसते. दोन्ही उदाहरणे सार्वजनिक जागांची आहेत. रात्री घरी परतणाऱ्या स्त्रीला रस्त्यावर सम आणि पुरेसा उजेड मिळालाच पाहिजे, आणि तो देणे नगरपालिकेचे कर्तव्य आहे. पण बंगल्याच्या गच्चीवरून येणारा झोत तिचे डोळे दिपवितो, आणि झोताच्या बाहेरची सावली अधिकच गडद करतो. त्या सावलीत कोण उभे आहे हे मग ना तिला दिसत, ना मालकाला. जो दिवा पाहणाऱ्यालाच आंधळा करतो त्याने राखण होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सोज्ज्वळ आहे. प्रकाश हे ज्ञानाचे, मांगल्याचे चिन्ह. मग अंधाराची ही वकिली कशासाठी? मराठीत ग्रंथ 'प्रकाशित' होतो आणि कोंकणीत तो 'उजवाडाक' येतो, हे आम्ही जाणतो. परंतु याच दोन भाषांच्या घरांनी दिवा कोठे ठेवला ते पाहा. अंगणातल्या तुळशीवृंदावनाला कोनाडा असतो. त्यात पणती ठेवतात. पणतीला तीन बाजूंनी आडोसा, वर छप्पर, उजेड पुढे आणि खाली. ज्योत पिवळी, तेल संपले की विझणारी. बाहेरच्या दिव्यांविषयी परदेशच्या तज्ज्ञसंस्थांनी २०२० साली पाच नियम सांगितले : दिवा कारणापुरता असावा, हवा तेथेच पडावा, गरजेहून तेज नसावा, वेळेवर बंद व्हावा, रंगाने उबदार असावा. हे पाचही नियम त्या कोनाड्यात सापडतात. दीपमाळ आहे, आकाशकंदील आहे, गोव्यातील देवळांपुढचे उंच दीपस्तंभ आहेत. पण त्रिपुरी पौर्णिमेस पेटणारी दीपमाळ रोज रात्रभर पेटत ठेवावी असे कोणा पुजाऱ्यालाही वाटले नाही. सणाचा उजेड सणापुरता असतो, म्हणून तो सण. रोजच दिवाळी केली की दिवाळीस करावयाचे काही उरत नाही.

तेव्हा दिवे घेऊच नका, असे आमचे म्हणणे नाही. घ्यावेत, पण विचारून घ्यावेत. प्रथम घराभोवती फिरून पाहावे, की पाऊल अडखळते कोठे : पायरी, फाटकाची कडी, विहिरीचा कठडा, सापकिरडाची भीती असलेली परसाची वाट. तेवढ्याच जागा उजळाव्यात. पायरीस वा वाटेस १०० ते २०० लुमेनचा दिवा पुष्कळ होतो. खोक्यावर वॅटऐवजी लुमेन वाचावे, आणि रंगाचा आकडा २,७०० ते ३,००० केल्विन असलेला 'वॉर्म व्हाइट' मागावा. ६,५०० चा निळसर पांढरा दिवा अंगणात आणूच नये. दिव्यास वरून झाकण असावे. कुंपणाबाहेर उभे राहिले असता उजळलेली जमीन दिसावी, दिव्याची वात दिसू नये. तोंड वर केलेले दिवे झाडांखालून काढून टाकावेत. रात्री जाग राहावी असे वाटत असेल, तर माणूस जवळ येताच लागणारा आणि मिनिटाभरात विझणारा सेन्सरचा दिवा बसवावा. अकस्मात लागलेल्या दिव्याने चोर अधिक दचकतो आणि मालकही जागा होतो. पावसाळा ध्यानी घेऊन आयपी ६५ दर्जाचे, पाणी न शिरणारे दिवे निवडावेत. बागेतल्या तारेला नीट अर्थिंग द्यावे आणि गळती होताच प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी लावल्याशिवाय एकही दिवा पेटवू नये.

यात खर्च वाढण्याचे काही कारण नाही, बिल उतरेलच. वाढावयाचा तो थोडा संकोच, आणि आपल्या समाजास आज त्याचीच वाण आहे. कुंडी भंडाऱ्यात आलेला थेंब ज्याच्यासाठी निघाला त्याच्याच घड्यात पडावा, अशी त्या कारागिरांनी सोय केली. आपल्या दिव्याचा किरणही तसा आपल्याच पायरीवर पडावा. ज्यांनी दिवे आधीच बसविले आहेत त्यांस आमची एवढीच विनंती, की आज रात्री ते सर्व लावून शेजाऱ्याची परवानगी घेऊन त्याच्या गच्चीवर जावे, त्याच्या पथारीवर क्षणभर आडवे व्हावे आणि डोळे मिटून पाहावे. मिटल्या पापणीतूनही आपला दिवा दिसत असेल, तर उद्या सकाळी शिडी लावून तो खाली वळवावा.