गाडी ओरडते, मालक ऐकेना!

शेतकरी बंधूंनो, बैल लंगडायला लागला तर आपण त्याला औताला जुंपत नाही. खूर उचलून पाहतो, काटा शोधतो. पण दारातल्या गाडीच्या पुढच्या चाकातून ‘खाड-खाड’ आवाज आला की आपण काय करतो? गाण्याचा आवाज वाढवतो! ‘चालतीया नव्हं, मग चालू द्या’ हे आपलं ठरलेलं उत्तर. मागे टोमॅटोची क्रेटं, पुढे चार माणसं आणि समोर घाट, तरीही तेच उत्तर.

दुखणं मोठं होण्याआधी गाडी बहुतेक वेळा सांगते. फक्त ते नीट ऐकलं पाहिजे. वेग वाढेल तसा ‘घूंऽऽ’ आवाज वाढत असेल तर चाकाच्या बेअरिंगवर संशय घ्या. उजवीकडे वळताना तो आणखी वाढला तर बहुधा डावं बेअरिंग गेलेलं असतं, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर येतो. खड्ड्यात ‘खट्’ वाजलं तर बॉल जॉइंट, बुश किंवा शॉकअप पाहायला हवा. ब्रेक दाबल्यावर ‘खर्रर्र’ झालं तर पॅड संपून लोखंड लोखंडाला घासत असण्याची शक्यता मोठी. आणि पंक्चर काढून आणल्यावर आवाज सुरू झाला असेल, तर सगळं सोडून आधी चाकाचे नट आवळा.

एक गोष्ट जुन्या मंडळींनी ध्यानात घ्यावी. ॲम्बॅसेडर, फियाटच्या जमान्यात पुढची चाकं फक्त वळायची, ओढण्याचं काम मागच्या चाकांचं. १९८३ साली मारुती ८०० आली आणि पुढची चाकं ओढूही लागली. अशा गाडीचं स्टेअरिंग पूर्ण वळवून निघताना ‘कट-कट-कट’ आवाज आला तर ॲक्सलचा जॉइंट बोलतोय असं समजा. त्यावरची रबरी टोपी फाटली की ग्रीस बाहेर आणि आपल्या रस्त्यावरची धूळ आत. टोपी वेळेवर बदलली तर थोडक्यात भागतं, नाहीतर सबंध जॉइंटचा खर्च गळ्यात पडतो.

घरच्या घरी पाहता येण्याजोगंही पुष्कळ आहे. सपाट जागी हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना दगड लावा, मग पुढचं चाक जॅकवर उचला. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावरच जाणवला तर टाय रॉड तपासायला लावा. मात्र नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही. पोरांना तर जवळही येऊ देऊ नका.

आता गॅरेजबद्दल. ‘काहीतरी वाजतंय, बघा जरा’ एवढंच सांगून निघून आलात तर मिस्त्री अंदाजाने सामान बदलणार आणि बिल तुम्ही भरणार. आवाज कोणत्या बाजूचा, किती वेगाला, वळताना की ब्रेकला, हे सांगा. मिस्त्रीला शेजारी बसवून एक चक्कर मारा. जुना पार्ट हातात मागून घ्या. यात मिस्त्रीचा अपमान नाही. चांगल्या मिस्त्रीला असं गिऱ्हाईक आवडतंच.

माझा खरा राग आहे तो ड्रायव्हरला गप्प बसवणाऱ्या मालकांवर. ड्रायव्हर सांगतो, ‘मालक, पुढं वाजतंय.’ मालक म्हणतो, ‘सीझन उरकू दे.’ बॉल जॉइंट निखळला की चाक आडवं होतं आणि स्टेअरिंग हातात असून उपयोग राहत नाही. तेव्हा गाडीत मालक नसतो. ड्रायव्हर असतो आणि वाटेत हात दाखवून बसलेली बाया-माणसं असतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालवाहू आणि भाड्याच्या गाडीला फिटनेस दाखला लागतो हे खरं. पण तो तपासणीच्या दिवसापुरता बोलतो. दुसऱ्या दिवशी खड्ड्यात काय ढिलं झालं, ते दाखल्याला कळत नाही, ड्रायव्हरच्या कानाला कळतं.

रस्ते खराब आहेत, हे कबूल. त्यासाठी बांधकाम खात्याशी जरूर भांडा. पण रस्ता होईपर्यंत गाडीत बसणाऱ्यांचा जीव आपल्याच हाती आहे. उद्या बाजाराला निघताना गाणं बंद करा, काच खाली घ्या आणि गावच्या वेशीपर्यंत तरी गाडीचं ऐका.