मोळीचे वजन आणि माणसाचा कणा



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, पाणी आणि खोडव्याबद्दल लिहितो. आज माणसाच्या पाठीच्या कण्याबद्दल लिहीत आहोत. शेतकी खात्याने डॉक्टरकी कधीपासून सुरू केली, असे कुणी म्हणेल. म्हणू द्या.

एका हंगामात फडावर ट्रक भरणी चालू होती. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढणाऱ्या गड्याचा पाय सटकला आणि तो पाठीवर आपटला. चौघे धावले. दोघांनी काखेत हात घातले, दोघांनी पाय धरले आणि गडी पोत्यासारखा मधेच वाकवून जीपमध्ये बसवला. त्या चौघांत एक आम्ही होतो. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "असा वाकवून कुणी आणला?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. नशीब एवढेच, की मणका चेचला होता, पण आतला मज्जारज्जू वाचला. गडी आज चालतो-फिरतो, पण कोयता सुटला तो सुटलाच.

तेव्हापासून आम्ही थोडी माहिती करून घेतली. उसाला जशा कांड्या, तसे कण्याला मणके. जन्मतः ते ३३ असतात. मानेत ७, छातीच्या मागे १२, कमरेत ५, त्याखाली ५ आणि शेपटाला ४. वय वाढते तसे खालचे ५ एकजीव होतात, शेवटचे ४ ही जुळून माकडहाड होते. मानेपासून कमरेपर्यंत दोन मणक्यांत चकती असते, बाहेरून चिवट, आतून मऊ. आणि मणक्यांच्या मधल्या पोकळीतून करंगळीएवढा मज्जारज्जू जातो. हाड मोडले तर सांधते. मज्जारज्जू तुटला तर तो जोडण्याचा इलाज अजून नाही.

आता पहार आठवा. दांडा लांब तर जोर जास्त, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. कमरेत वाकून, हात लांब करून मोळी उचलली की हाच हिशेब उलटा होतो. ओझे कमरेपासून हातभर लांब आणि पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम दोन इंचांवर. मग खालच्या चकतीवर ओझ्याच्या कितीतरी पट दाब येतो. चकती फुगते, कधी फाटते, आतला गर बाहेर येऊन शिरेवर दाबतो. कळ कुल्ल्यातून पोटरीपर्यंत जाते. आपण म्हणतो 'मणका सरकला'. बहुतेक वेळा मणका जागेवरच असतो, सरकलेली असते ती चकती.

म्हणून गुडघ्यात वाका, ओझे अंगाशी धरा, पायांच्या जोरावर उठा. खताचे पोते उचलतानाही हेच.

उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायची आपल्याकडे रीत. साधी उसण बहुधा दोन-चार आठवड्यांत आपोआप उतरते, श्रेय पायाळूला मिळते! पण पाय लुळा पडला, बैठकीची जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर लाथ नको, त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. पाठदुखी हटत नाही, संध्याकाळी ताप येतो, वजन उतरते, असे असेल तर मणक्याचा क्षय असू शकतो. तो औषधाने बरा होतो, पण वेळेवर गेले तर.

आता मुद्द्याचे बोलू. पूर्वी साखरेचे पोते १०० किलोचे भरत, आज ५० किलोचे भरतात. युरियाची गोणी २०१८ साली ५० वरून ४५ किलोवर आली. प्रत्येक पोत्यावर वजन छापलेले असते. मोळीवर काय छापले आहे? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच शिफारस केली, की पुरुषाने ५५ किलोपेक्षा जास्त ओझे वाहू नये आणि बाईचे ओझे त्याहून बरेच कमी असावे. ही झाली कमाल मर्यादा. आपल्या फडात बाई मोळी डोक्यावर घेऊन दिवसभर खेपा करते, फळीही चढते. तिच्या मानेतले ते सात मणके काही लोखंडाचे नाहीत.

कुणी म्हणेल, "साहेब, टोळीच मोठी मोळी बांधते, आम्ही काय करणार?" बांधते, खरे आहे. मजुरी टनावर, मुकादमाची उचल डोक्यावर, मग कमी खेपांत जास्त ऊस हवा असतो. पण त्यात आपली घाईही असते. 'गाडी आजच भरून जाऊ द्या' हे बांधावरून कोण ओरडते?

आमचे म्हणणे एवढेच. तोडणीआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडा. वजनाच्या लोभाने आदल्या आठवड्यात पाणी दिले, तर चिखलात पाय तिचा घसरतो. गाडीवाट फडापर्यंत करून द्या, पाटावर भराव टाका. लहान मोळीला बोल लावू नका, गाडी तासभर उशिरा गेली तरी चालेल. आणि वार्षिक सभेत आम्हाला, म्हणजे शेतकी खात्याला, जाब विचारा: प्रत्येक भरणीच्या फळीवर आडव्या पट्ट्या ठोकल्या का?

इतके करूनही कुणी पडलाच, तर त्याला उठवू नका, बसवू नका, पाणी पाजायला मान वर करू नका. १०८ ला फोन करा. डोके आणि मान आहे तशीच धरून ठेवा. हलवणे भागच असेल, तर भरणीचीच फळी आणा आणि चार-पाच जणांनी एका दमात, अंग न वाकवता, माणूस तिच्यावर घ्या.

त्या दिवशी ती फळी आमच्यापासून चार हातांवर पडलेली होती.