विश्लेषण : अर्ज ऑनलाइन, तरी प्रिंट कशाला?

बारावीचा निकाल लागला की नांदेड आणि लातूरच्या झेरॉक्स दुकानांसमोर गर्दी सुरू होते. आधी प्रवेशाचे अर्ज, मग शिष्यवृत्तीचे. अर्ज संकेतस्थळावर भरायचा, कागदपत्रेही तिथेच अपलोड करायची. तरीही अर्ज सबमिट झाला की दुकानदार विचारतो, "प्रिंट किती काढू?" त्याला अनुभवाने ठाऊक असते की महाविद्यालयाच्या खिडकीवर हार्ड कॉपी मागितली जाणार. मग एक प्रत तिथे देण्यासाठी, एक घरी ठेवण्यासाठी आणि एक 'असू द्या, लागली तर' म्हणून निघते.

कागद कमी व्हावा, खेटे वाचावेत म्हणून संगणक आला. पण कागद कमी झालाच नाही, वर विजेचा खर्च वाढला. हा दुहेरी खर्च थांबवायला नवी यंत्रे लागत नाहीत. लागते ती जुनी पद्धत बंद करण्याची तयारी.

नेमके चुकते कुठे?

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी झाली. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. मुख्य परिसर नांदेडजवळ विष्णुपुरीत आणि उपपरिसर लातूरला आहे. किनवटसारख्या तालुक्यातून नांदेडला यायचे तर शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास होतो. एवढ्या पसरलेल्या भागात ऑनलाइन कामाचा सर्वांत मोठा फायदा विद्यार्थ्यालाच व्हायला हवा.

तो पूर्ण मिळत नाही, कारण राज्यभरातल्या शिक्षणसंस्थांत नवी पद्धत जुनीच्या जागी आली नाही, तिच्या शेजारी येऊन बसली. परिपत्रक ईमेलवर येते, व्हॉट्सॲप गटावर फिरते आणि शेवटी छापून नस्तीलाही लागते. माहिती तक्त्यात भरली जाते, मग तोच तक्ता छापून, सही-शिक्का मारून, स्कॅन करून परत संगणकात जातो. एकाच माहितीचा संगणकातून कागदावर आणि कागदावरून संगणकात असा प्रवास होतो. प्रत्येक वळणावर वीज, शाई, कागद आणि कुणाचा तरी वेळ जातो.

मराठवाड्याने याची अधिक काळजी का करावी?

कारण इथे वीज आणि पाणी हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. मांजरा धरण आटल्यावर एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. त्याच दुष्काळाच्या काळात, २०१५ मध्ये, शेजारच्या बीड जिल्ह्यातले परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. २०१३ मध्येही तेच घडले होते. कोळशापासून वीज करताना वाफ थंड करण्यासाठी पाणी लागते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या औष्णिक केंद्रांसाठी मर्यादा घातली, ती एका मेगावॅट-तासाला साडेतीन घनमीटर पाण्याची. म्हणजे एका युनिटमागे साडेतीन लिटर.

विजेचे बटण दाबताना हे पाणी दिसत नाही. टँकरची वाट पाहिलेल्या गावाला मात्र त्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

लॅब रात्रभर सुरू राहिली तर किती वीज जाते?

तीस संगणकांची एक लॅब धरा. कुणी काम करत नसलेला, पण सुरू असलेला एक डेस्कटॉप साधारण ५० वॅट वीज घेतो असे मानू. सायंकाळी पाच ते सकाळी दहा हे सतरा तास लॅब तशीच राहिली, तर एका रात्रीत साडेपंचवीस युनिट जातात. वर्षातल्या २०० रात्री असे झाले तर ५,१०० युनिट. दर युनिटला दहा रुपये धरला तर ५१ हजार रुपये. आणि साडेतीन लिटरच्या हिशेबाने जवळपास १८ हजार लिटर पाणी. दहा हजार लिटरचे दोन टँकर भरायला आले, आणि तेही एका लॅबच्या रिकाम्या रात्रींत.

हेच संगणक 'स्लीप'मध्ये गेले तर प्रत्येकी दोन-तीन वॅटवर भागते. म्हणजे रात्रीचे साडेपंचवीस युनिट दीड युनिटवर येतात. ही सोय प्रत्येक संगणकात आधीपासून असते, विकत घ्यावी लागत नाही. फक्त ती कुणीतरी सुरू करावी लागते.

इथे एक जुना गैरसमजही दूर व्हायला हवा. पडद्यावर मासे पोहत असले, घड्याळ फिरत असले म्हणजे वीज वाचते असे नाही. काचेच्या जाड नळीचे मॉनिटर होते तेव्हा एकच चित्र पडद्यावर उमटून राहू नये म्हणून स्क्रीनसेव्हर आले. आजच्या पडद्यांवर ते केवळ शोभेचे आहेत. वीज वाचते ती पडदा काळा झाल्यावर.

लॅबमधल्या एसीचेही तसेच. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या अंदाजानुसार तापमान एक अंशाने वर ठेवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते. १८ वर एसी लावायचा आणि मुलांनी स्वेटर घालून बसायचे, यात शहाणपण नाही.

आणि कागदाचा हिशेब?

नेहमीचा ८० जीएसएमचा ए-फोर कागद पाच ग्रॅम वजनाचा असतो. शिष्यवृत्तीच्या एका अर्जाला मूळ अर्जासह उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, गुणपत्रिका, आधार, पासबुक, शुल्काची पावती असे मिळून पंधरा कागद जोडले जातात असे धरू. हजार अर्ज येणाऱ्या महाविद्यालयात पंधरा हजार कागद म्हणजे तीस रीम, वजनाने पंचाहत्तर किलो. आणि यातले प्रत्येक पान संकेतस्थळावर आधीच चढवलेले असते.

हा खर्च संस्थेच्या ताळेबंदात दिसत नाही, कारण तो विद्यार्थ्याच्या खिशातून होतो. पानाला दोन रुपये धरले तर तीस रुपये झेरॉक्सचे, वर एसटीचे भाडे आणि शेतमजुरी करणाऱ्या बापाचा किंवा आईचा एक बुडालेला दिवस. शिष्यवृत्ती ज्यांच्यासाठी आहे, त्यांनाच हा भुर्दंड सर्वांत जड जातो.

कायद्याची आडकाठी आहे का?

नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने इलेक्ट्रॉनिक नोंदींना आणि डिजिटल सहीला मान्यता दिली, त्याला दोन दशके उलटून गेली. डिजिलॉकर २०१५ पासून आहे. त्यातल्या पदव्या आणि गुणपत्रिका वैध मानाव्यात, असे विद्यापीठ अनुदान आयोगानेही संस्थांना कळवले आहे. 'आपले सरकार'वरून मिळणाऱ्या दाखल्यांवर बारकोड असतो. तो क्रमांक टाकून दाखला खरा की खोटा हे कार्यालयातच पाहता येते. उलट झेरॉक्स पाहून खरेखोटे कळत नाही. म्हणजे ज्या प्रतीची पडताळणी होऊ शकते ती बाजूला राहते आणि जिची होऊ शकत नाही ती नस्तीला लागते.

मग हार्ड कॉपी मागतात तरी का?

यात लिपिकाला दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. त्याची भीती खरी असते. उद्या लेखापरीक्षण आले, चौकशी लागली, संकेतस्थळ बंद पडले तर दाखवायचे काय? नस्तीत कागद असला की तो सुटतो, नसला की अडकतो. 'प्रत घेऊ नका' असे लेखी कुणी सांगितलेले नसते, म्हणून तो सुरक्षित बाजू धरतो. त्याच्या जागी कुणीही असता तरी हेच केले असते.

म्हणूनच 'कागद वाचवा, झाडे वाचवा' असे फलक लावून हा प्रश्न सुटणार नाही. ज्याच्या सहीला वजन आहे त्याने लेखी आदेश काढला पाहिजे आणि लेखापरीक्षणात डिजिटल नोंद ग्राह्य धरली जाईल, अशी हमी त्यात दिली पाहिजे. एकेकाळी प्रत्येक झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही घ्यायला मुले दारोदार फिरत. ती अट सैल होऊन स्वसाक्षांकन आले, तेव्हा आभाळ कोसळले नाही.

सरसकट सगळेच ऑनलाइन करावे का?

घाई महागात पडते, हे राज्याने पाहिले आहे. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये उत्तरपत्रिकांची संगणकावर तपासणी पुरेशा तयारीविना सुरू केली. सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका होत्या. निकाल महिनोन् महिने रखडले, मुलांचे पुढचे प्रवेश अडले आणि अखेर कुलगुरूंना पदावरून दूर व्हावे लागले. शिवाय या पद्धतीत कागद वाचत नाही. विद्यार्थी कागदावरच लिहितो, नंतर तो स्कॅन होतो. वाचते ती गठ्ठ्यांची ने-आण. म्हणून डिजिटल म्हणजे आपोआप पर्यावरणपूरक, असे समीकरण मांडता येत नाही.

दुसरी अडचण गावाकडची. वीज जाते, रेंज नसते, घरात एकच फोन असतो आणि तोही वडिलांबरोबर शेतात. अशा विद्यार्थ्यासाठी खिडकी उघडीच राहिली पाहिजे. कागद नको याचा अर्थ माणूस नको असा होऊ नये. त्याने कागद घेऊन यावे, कर्मचाऱ्याने तो तिथेच स्कॅन करून परत द्यावा. मदत मिळावी, पण झेरॉक्सची सक्ती नसावी.

मग सुरुवात कुठून करायची?

पहिले काम आदेशाचे. संकेतस्थळावर अपलोड झालेल्या कोणत्याही कागदाची छापील प्रत विद्यार्थ्याकडून मागू नये, असे परिपत्रक काढावे. दुसरे काम सेटिंगचे. सर्व प्रिंटर दोन्ही बाजूंनी छपाईवर लावून ठेवावेत. ज्याला एकाच बाजूने हवे, त्याने बदल करावा. आज नेमके उलटे होते, म्हणून अर्धा कागद कोरा जातो. संगणक पंधरा मिनिटे रिकामा राहिला की झोपी जाईल, अशी व्यवस्था असावी. अपडेटसाठी आठवड्यातली एक रात्र राखून ठेवली की पुरे.

तिसरे काम मोजण्याचे. बहुतेक ठिकाणी विजेचे बिल अख्ख्या संस्थेचे एकच येते, त्यामुळे लॅब किती खाते ते कुणालाच कळत नाही. लॅबला वेगळा मीटर बसवावा आणि दर महिन्याचा आकडा दारावर लावावा. अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हे काम देता येईल. नॅकच्या सातव्या निकषात ऊर्जाबचतीची विचारणा असतेच. तिथे फोटो जोडण्यापेक्षा हा आकडा जोडलेला बरा.

वीज वाचवायची म्हणून चालते संगणक मात्र घाईने मोडीत काढू नयेत. नवे यंत्र बनवायलाही वीज आणि पाणी लागते. ज्यांचे आयुष्य खरोखर संपले, ते भंगारवाल्याला न देता ई-कचरा नियम, २०२२ नुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जायला हवेत.

यातल्या कशालाही मोठी निविदा लागत नाही. बहुधा म्हणूनच हे मागे पडते. नव्या लॅबचे उद्घाटन होते, फीत कापली जाते. सेटिंग बदलल्याचा समारंभ होत नाही. पण पुढच्या जूनमध्ये अर्ज भरून उठलेल्या पोराला दुकानदाराने "प्रिंट किती काढू?" असे विचारले आणि त्याला "नको, लागत नाही" असे सांगता आले, तर विद्यापीठात संगणक खऱ्या अर्थाने आला असे म्हणता येईल.