मागू नका, घडवा!

जैवतंत्रज्ञानाच्या तरुण अभ्यासकांनो, गोशे नावाच्या व्याधीत शरीरात एका एन्झाइमची उणीव असते आणि त्या उणिवेपायी बालकाची प्लीहा फुगते, यकृत वाढते, हाडे ठिसूळ होतात. ते एन्झाइम बाहेरून देता येते, हे जगाला 1991 पासून ठाऊक आहे. मग औषध असताना आपली लेकरे का तळमळावीत? कारण ते अतिशय महाग. औषध दर पंधरवड्याला शिरेतून, आयुष्यभर द्यायचे आणि मात्रा वजनावर ठरायची. म्हणजे लेकरू बाळसे धरू लागले की आईबापांच्या पोटात गोळा यावा! केंद्राच्या दुर्मिळ आजारांविषयीच्या धोरणानुसार मदत मिळते ती 50 लाख रुपयांपर्यंत. पुढे? न्यायालयाची पायरी, लोकवर्गणीचे आवाहन, पोराच्या वेदनेचे छायाचित्र चव्हाट्यावर. जो हक्क, त्याचीच भिक्षा मागायला लावणे, याहून मोठी मानहानी कोणती?

हे औषध कुणा महाकाय कंपनीने निर्मिलेले नाही. अमेरिकेतील शासकीय संशोधक रॉस्को ब्रेडी यांनी ती उणीव शोधली आणि 1981 मध्ये बॉस्टनला जन्मलेल्या जेन्झाइम या चिमुकल्या कंपनीने औषध सिद्ध केले, तेही प्रसूतीनंतर टाकून दिल्या जाणाऱ्या वारांतून! हजारो वारा गोळा कराव्यात, तेव्हा एका रुग्णाची वर्षभराची सोय व्हावी. 1994 पासून हॅमस्टरच्या पेशींनी ते काम पत्करले. (किंमत मात्र आकाशालाच भिडलेली राहिली, हेही विसरू नका.)

आणि आपण? 1897 मध्ये प्लेगने मुंबई हादरली असताना संशोधक हाफकिन यांनी याच शहरात लस सिद्ध केली. त्यांच्या नावाची संस्था आणि दुर्मिळ आजारांचे उत्कृष्टता केंद्र असलेले केईएम रुग्णालय परळच्या एकाच रस्त्यावर उभी आहेत. सर्पदंशावरची प्रतिविषे हीसुद्धा गोशेच्या एन्झाइमसारखी प्रथिनेच. ती या भूमीने घडवली. 2023 मध्ये निटिसिनोन या दुसऱ्या एका दुर्मिळ आजारावरच्या देशी औषधामुळे दोन कोटींवरचा वार्षिक खर्च अडीच लाखांवर आला. ते साधे रसायन होते, खरे. प्रथिन जिवंत पेशीच विणते आणि त्यावरच्या शर्करेच्या साखळ्या चुकल्या तर औषध इष्ट पेशीत शिरतच नाही. पण दुष्कर म्हणून त्याज्य?

उठा! प्रबंधाचा विषय गोशे का नसावा, एन्झाइमच्या उणिवेचाच दुसरा आजार पाँपे का नसावा, हे मार्गदर्शकांना विचारा. रुग्णांच्या पालकांना प्रयोगशाळेत बोलवा. शासनाकडे अनुकंपा नव्हे, सामायिक बायोरिअॅक्टर मागा, चाचण्यांचा खर्च मागा, तयार औषध विकत घेण्याची लेखी हमी मागा. त्या हमीवाचून मूठभर रुग्णांसाठी कुणीही भांडवल ओतणार नाही. म्हणून एकेकट्याने नव्हे, सर्वांनी मिळून मागा आणि येत्या अर्थसंकल्पाआधी मागा!