ग्रुपवर एकीची खिल्ली उडतेय आणि बाकीचे नुसते वाचतायत

आज मुद्रा लोन नाही, जीएसटी नाही, रील्स कशा बनवायच्या तेही नाही. आज तुमच्या धंद्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल बोलायचंय.

अलिबाग, नागाव, काशीद, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन. या पट्ट्यात होमस्टे चालवायचा असो, खानावळ असो की पापड-मसाले, दुकानाच्या पाटीआधी ग्रुप लागतो. "शनिवारी दोन रूम हव्यात, सहा माणसं, जेवण घरचं" असा मेसेज पडतो आणि ज्याच्याकडे जागा असेल तो बुकिंग घेतो. ग्रुप हाच बाजार झालाय.

आता समजा, एक ताई नवीन आहे. घरातल्या दोन खोल्या तिने पाहुण्यांसाठी काढल्यात, दर जरा कमी ठेवलाय. कुणीतरी तिचा फोटो टाकून लिहितो, "ही आली मार्केट खराब करायला." दुसरा हसतो. तिसरा तिच्या बोलण्याची नक्कल करून व्हॉइस मेसेज टाकतो. चौथा थेट तिच्या चारित्र्यावर घसरतो. ग्रुपमध्ये दोनशे जण, लिहिणारे चार. ती सोडून उरलेले एकशे पंच्याण्णव गप्प. पण तिला ते चार वेगळे दिसत नाहीत हो. तिला वाटतं, सगळ्यांचंच हे मत आहे. ती ग्रुप सोडते आणि त्याबरोबर तिची बुकिंगंही जातात. नातेवाइकांच्या ग्रुपमधून बाहेर पडलं तर फार तर रुसवा होतो. इथे चूल थंडावते.

आपल्याच राज्यात असं एक प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं होतं. गोंदिया जिल्ह्यात एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सदस्याने एका महिला सदस्याबद्दल घाणेरडी भाषा वापरली. तक्रार ॲडमिनविरुद्धही झाली. त्याने त्या माणसाला ग्रुपमधून काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, असा आरोप होता. 1 मार्च 2021 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केला. सदस्य काय लिहितो ते आधी तपासून अडवणं ॲडमिनच्या हातात नसतं; दोघांचा समान हेतू किंवा आधीच ठरवलेला बेत दिसत नसेल, तर दुसऱ्याच्या मेसेजसाठी ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही, असं कोर्ट म्हणालं.

माझ्या मते निकाल योग्यच आहे. नाहीतर भीतीने कुणी ग्रुपच काढणार नाही. पण या निकालाचा "ॲडमिनची काही जबाबदारीच नाही" असा अर्थ काढणं चुकीचं. कोर्टापुढे प्रश्न गुन्ह्याचा होता, शेजारधर्माचा नव्हता. शिवाय 2022 मध्ये व्हॉट्सॲपने ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय दिली. "माझ्या हातात काय आहे?" हे आता तितकंसं पटत नाही.

आणि जे ॲडमिन नाहीत, म्हणजे तुम्ही-आम्ही? "मी कशाला वाईटपणा घेऊ? उद्या त्याच्याकडूनच गिऱ्हाईक यायचंय." ही भीती खोटी नाही. छोट्या गावात सगळ्यांची गाठ सगळ्यांशी पडते. म्हणून भाषण ठोकू नका, समोरच्याला शिव्याही देऊ नका, नाहीतर दुसरी झुंड तुम्हीच उभी कराल. दोन ओळी लिहा: "दरावर बोलू या, पण ताईंबद्दल असं नको. फोटो काढून टाका." पहिला माणूस बोलला की दुसऱ्याला बोलणं सोपं जातं. ग्रुपवर लिहिणं जमतच नसेल तर तिला फोन करा. मेसेज नको, फोनच करा. तारीख आणि नंबर दिसेल असे स्क्रीनशॉट काढून तिच्याकडे पाठवा. पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करायची की नाही, हे तिला ठरवू दे. तेच स्क्रीनशॉट "बघा काय चाललंय" म्हणून दुसऱ्या ग्रुपवर टाकू नका. तिची बदनामी आणखी चार गावांत पोचते, बाकी काही होत नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे. त्याच्या नावाखाली कुणी भलताच कांदा माळेत गुंफून विकत असेल, तर ते विचारलंच पाहिजे. तो छळ नाही. विचारा: माल कुठला, शेत कुणाचं, बिल आहे का? पुरावा नसेल तर ग्रुपवर आरोप करण्याआधी त्याला फोन लावा. पण माल बाजूला राहून जात, रूप, बायको, इंग्रजी असलं काही निघालं, की तिथे तक्रार संपली असं समजा.

नवीन ग्रुप काढणार असाल तर ग्रुपच्या वर्णनात पहिल्याच दिवशी लिहून ठेवा की वैयक्तिक टीका आणि परवानगीशिवाय कुणाचा फोटो चालणार नाही. आणि ॲडमिन किमान दोघे ठेवा, त्यातली एक महिला असू दे. शनिवारी दुपारी तुम्ही पाहुण्यांच्या ताटांत अडकलेले असता, आणि ग्रुपवरची भांडणं नेमकी तेव्हाच पेटतात.